दुखलं म्हणजे सुटतंय

प्लास्टर निघालं, पण लेकीचा हात काही केल्या तोंडापर्यंत जाईना. बेकरीत पोतीच्या पोती पीठ मळणारा बाप कामावरून आला की तेल कोमट करून तिचं कोपर चोळत बसायचा. ती ओठ चावून गप्प राहायची. "दुखलं म्हणजे सुटतंय गं," असं म्हणत तो आणखी जोर लावायचा. तरी कोपर दगडासारखं घट्टच होत चाललं.

शेवटी त्यानं तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "कोपर वाकायला दंडाचा पुढचा स्नायू आखडावा लागतो, मागचा सैल पडावा लागतो. हिच्या पुढच्या स्नायूतच हाड तयार झालंय. मोडलेलं कोपर चोळलं की असं होतं. कुणी चोळत होतं का?"

"नाही, कुणीच नाही," बापानं तोंड उघडायच्या आत लेक बोलून गेली.

बाहेर जिन्यात बाप पायरीवर बसला. आपले हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. "अगं, एवढं दुखत होतं, तर एकदा तरी ओरडायचंस ना माझ्यावर!"

"ओरडले असते, तर तुम्ही उठून गेला असता," ती म्हणाली. "तेवढाच वेळ तर तुम्ही माझ्याजवळ बसायचात, बाबा."