पाचवा बटाटा

मारामुरेशच्या जंगलातून ओंडके उतरवणाऱ्या इंजिनाच्या बॉयलरवर वाळूची पेटी होती. रूळ ओले होऊन चाकं घसरू लागली की ड्रायव्हर तोआदेर नळीतून चाकांपुढे वाळू सोडायचा. एरवी त्याच तापलेल्या वाळूत पाच माणसांचे पाच बटाटे भाजायचा. काल चारच निघाले. "मेव्हण्या, माझा तूच गिळलास," तोआदेर म्हणाला. "हो दाजी, सालीसकट," म्हणत गाव्रिला शेवटच्या डब्यावर, हाताने आवळायच्या ब्रेकपाशी चढला. आज दरीकाठच्या उतारावर चाकं घसरली. तोआदेरने तरफ ओढली. वाळू आलीच नाही. ब्रेक आवळायची शिट्टी तो देत राहिला. वळणाच्या टोकाशी गाडी कशीबशी थांबली. वर चढून त्याने चटके सोसत पेटीत कोपरापर्यंत हात घातला. नळीच्या तोंडात काहीतरी मऊ अडकलं होतं. खाली गाव्रिला उभा होता, तळवे रक्ताळलेले. "दाजी, काय निघालं?" तोआदेरने मूठ उघडली. गाव्रिलाने टाचा उंचावून पाहिलं. "हा तर मी काल खाल्लेला."