खिडकीकडचे दोन पिंजरे

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. साजगावजवळच्या एका औषध कारखान्यात डॉक्टर केळुसकर पांढऱ्या उंदरांना मॉर्फिन टोचून त्यांची चरबी तोलत होते. सहा पिंजऱ्यांना मॉर्फिन, सहांना नुसतं मिठाचं पाणी. उंदरांचं खाणंपिणं आणि झाडलोट कुंभिवलीच्या ठकूबाईकडे.

मॉर्फिनवाल्यांची चरबी निम्म्यावर आली. मॉर्फिन चरबी जाळतं, असा लेख डॉक्टरांनी लिहूनही टाकला. मग मिठाच्या पाण्याचे पिंजरे उघडले. चार पिंजऱ्यांतले उंदीर गुबगुबीत निघाले, पण खिडकीकडच्या दोन पिंजऱ्यांतले मॉर्फिनवाल्यांइतकेच वाळलेले.

"पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही, ठकूबाई! खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तिच्या घरात दुसरा पगार नव्हता. तरी ठकूबाईचा आवाज हलला नाही.

"पिंजरे नाय बदलले. त्या दोघांना खाणं मी कमी घातलं."

"कुणाला विचारून?"

"इचारायचं काय त्यात? मॉर्फिनवाले दोन पिंजरे त्यांच्या अगदी समोर. ते बिचारे गुंगीत पडून, खाण्याला तोंड लावीनात. आन हे त्यांच्या डोळ्यांदेखत मटामटा खातायत! आमच्यात आजारी पोरापुढं दुसऱ्याला भाकर वाढत नाय, दोघांना पेजच. म्हणून समोरच्यांनी खाल्लं तेवढंच यांना घातलं, वाटीनं मोजून."

"अहो, माझा अख्खा प्रयोग बुडवलात!"

"बुडवला कसा? मॉर्फिन न टोचताबी यांची चरबी गेलीच की. रोजचं उष्टं मी काढते, डॉक्टर. औषधानं भूक मारली. चरबी गेली ती उपासानं."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग लेखाचे कागद त्यांनी उभे फाडले.

"नवे उंदीर मागवतो," ते म्हणाले. "या खेपेला मिठाच्या पाण्यावाल्या सगळ्यांनाच तुमच्या वाटीनं."

चार महिन्यांनी दोन्हीकडची चरबी सारखी भरली. डॉक्टरांचा नवा लेख छापून आला. त्यात ठकूबाईचं नाव नव्हतं. डॉक्टर पुढे बडोद्याला गेले आणि तिथेच वारले. ठकूबाई शहाऐंशी सालापर्यंत कामावर होती. शेवटी शेवटी बी.एस्सी. झालेल्या मुली तिच्याकडे काम शिकायला यायच्या. आल्या आल्या वह्या उघडायच्या.

"मिटा गं त्या," ती म्हणायची. "आदी तासभर पिंजऱ्यापुढं बसा."