श्वासाची रेघ

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात ओवीचा एमआरआय तिसऱ्यांदा फुकट गेला. सतत रक्त चढवून तिच्या यकृतात किती लोह साठलंय, हे कळल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं.

"मॅडम, बच्ची साँस रोकती ही नहीं. घर पे कुछ सिखाया है?" मशीनवरचे दुबे पडद्यावरची श्वासाची हलती रेघ दाखवत म्हणाले.

शर्वरीचं डोकं फिरलं. आठवडाभर लेकीला कुशीत घेऊन, पंधरापर्यंत मोजत, तिनेच ते शिकवलं होतं.

तरातरा आत जाऊन तिने ओवीच्या पोटावरचा, श्वास टिपणारा पट्टा सोडला आणि तिला कडेवर बाहेर आणलं. पोर तिच्या मानेत तोंड खुपसून धापा टाकत होती.

आतलं टेबल रिकामं, वर नुसता सोडलेला पट्टा. पडद्यावर रेघ मात्र संथपणे चढत-उतरत होती.

शर्वरीने दुबेंसमोरचा, आत सूचना द्यायचा माइक ओढून घेतला.

"रोख श्वास, मेल्या."

रेघ थांबली.