उजव्या चाकाचा दांडा

“काका, चाकं रुंदच पायजेत. मागून पाहणाऱ्यानं म्हटलं पायजे, वा रे गाडी!”

अकोल्याच्या भंगार बाजारात गजेंद्र चाकांच्या ढिगावर चढून बोलत होता. उत्तमराव मिस्त्री खाली मागच्या एक्सलपाशी उकिडवे बसले होते. गजेंद्रच्या आजोबांच्या अँबेसिडरला त्यांनी दणकट इंजिन बसवलं होतं. त्या इंजिनाचा जोर जुन्या एक्सलला पेलणारा नव्हता, म्हणून हा जाड एक्सल आणि ही रुंद चाकं.

“घे तुले आवडते ते. चाक दिसाले असते, भार दांड्यावर असते,” उत्तमराव म्हणाले.

एक्सलच्या पोटात दोन पोलादी दांडे, डावा नि उजवा. चाक त्या दांड्याच्याच टोकाला. दांडा तुटला की चाक गाडीला रामराम करून मोकळं! उत्तमरावांनी पान्यानं दोन्ही ठोकून पाहिले. माठ घेताना त्यांची बायको पार्बताबाई वाजवून घ्यायची, तशी नवऱ्याची ही खोड. डावा टणकन वाजला. उजवा बद्द वाजला. उन्हात धरून पाहिला तर केसाएवढा तडा. त्यांनी ढिगातून त्याच मापाचा दुसरा उजवा दांडा शोधला. तो खणखणीत निघाला.

मग त्यांनी दोन्ही उजवे दांडे टेम्पोत टाकले.

“दोन कायले काका?”

“राहू दे. लागते कधी.”

“लवकर करा मंग. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धारणीले जातो, सासुरवाडीले. घाटात फोनबी लागत नाही, कोणाची कटकट नाही!”

गजेंद्र हसला. उत्तमराव हसले नाहीत.

त्याच घाटात तीन वर्षांपूर्वी गजेंद्रची जीप दरीत गेली होती. गजेंद्र चार टाक्यांवर वाचला. सोबतचा मनोज गेला. मनोज म्हणजे उत्तमरावांचा एकुलता एक. गाडी मीच चालवत होतो, असं गजेंद्रनं पोलिसांना सांगितलं, जामिनावर सुटला आणि पुन्हा चांदूर रेल्वेची आपली संत्र्याची बाग पाहू लागला. आणि आज हाच गडी त्या घाटाचं नाव हसत हसत घेत होता! उत्तमरावांच्या पोटात आग होती, अन् ती काही आजची नव्हती.

अमरावतीला गॅरेजात आल्यावर त्यांनी डावा दांडा एक्सलमध्ये बसवून टाकला. उजव्यातल्या फुटक्याचा तडा पुट्टी भरून बुजवला आणि दोन्ही उजव्यांना काळा रंग मारला. आता खुद्द त्यांनाही फरक कळेना. गजेंद्रला दाखवायला चांगला, ऐनवेळी बसवायला फुटका; त्यात चूक नको म्हणून त्यांनी गणपतीपुढच्या करंड्यात बोट बुडवलं आणि फुटक्या दांड्यावर कुंकवाचा टिळा ओढला. कुंकू कोणी पुसत नाही, अन् का लावलं म्हणून कोणी विचारतही नाही.

“खंडेनवमीले हत्यारं पूज, पण त्या कोपऱ्याले हात लावू नको,” त्यांनी बायकोला बजावलं.

पार्बताबाई निरांजनाच्या वाती वळत राहिली. मनोज गेल्यापासून तिचं देवाचं फार कडक झालं होतं. गणपतीच्या तसबिरीची काच तडकली, तर नवी बसेपर्यंत तिनं हार घातला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी गजेंद्र सोनं द्यायला आला. सोबत बायको गीतांजली, तिच्या कडेवर लहानगी रागिणी. पाया पडून झाल्यावर तो दारातच घुटमळला.

“काका, कवाचं सांगाचं होतं. त्या दिवशी जीप मन्या चालवत होता. चाबी म्याच देल्ली होती. लोकं मेलेल्या पोराले दोष देतीन, काकूले ते ऐकाव लागन, मनून पोलिसाइले मी माह्यं नाव सांगतलं.”

उत्तमरावांच्या मुठीत आपट्याची पानं चुरगळली. रागिणीनं हात पुढे करून त्यांची मिशी ओढली नि खुदकन हसली. अरे देवा, काय करायला निघालो होतो मी! ते आत जाऊन पोटभर रडले.

सकाळी त्यांनी गॅरेज उघडलं. पान्यांवर, जॅकवर, ऐरणीवर, जिकडंतिकडं कुंकू. कोपऱ्यात दांडे भिंतीला टेकलेले. एकावर टिळा, दुसरा कोरा. म्हणजे पार्बतानं ऐकलं होतं. तिचा हात लागला असता तर दोन्ही माखले असते.

त्यांनी कोरा दांडा उचलला. सवयीनं पाना हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. खूण आपल्याच बोटाची, तिला काय तपासायचं? दांडा बसला, चाकं चढली, नट आवळले गेले.

दुपारी चाकांखाली लिंबं फुटली आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून रागिणीनं टाटा केला.

“सावकाश जाय रे बाप्पा!” उत्तमराव ओरडले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. ते जेवले, निवांत झोपले.

उन्हं कलली तेव्हा उठले. एव्हाना गाडी घाटाला लागली असेल. तो पापी दांडा पुन्हा कोणाच्या गाडीत जायला नको, म्हणून त्यांनी टिळ्याचा दांडा ऐरणीवर आडवा ठेवला आणि घण उचलला. एका घावात दोन तुकडे व्हायला हवे होते.

टण्ण!

आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमत राहिला. त्यांनी पुन्हा घाव घातला. पुन्हा तसाच.

पार्बताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. “अवो, चांगला दांडा कावून फोडून राहिले?”

“तू... त्या कोपऱ्याले हात लावला?”

“मंग? साऱ्या लोखंडाची पूजा करा, अन् दोन दांडे पारोसे ठेवा? हौदावर नेऊन धुतले. एकावर शिळं कुंकू होतं, ते पुसलं. धुता धुता तांब्या लागला, त हा खणखण वाजला. याले लावलं.”

“अन् दुसरा?”

“थो बद्द वाजला. फुटक्याले कोणी कुंकू लावते काय?”