आवाज वाढवा

गाडी निघाली की आठ वर्षांची यशोधरा मागच्या सीटवरून म्हणायची, "बाबा, गाण्याचा आवाज वाढवा ना!" गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या स्टिरिओचा आवाज फार वाढवला की फाटायचा. म्हणून रविवारी प्रशिकने वाडीतल्या एका दुकानात गाडीला ॲम्प्लिफायर बसवायला सांगितला.

"काय गरज होती याची?" दुकानासमोर उभी असलेली त्याची बायको अस्मिता म्हणाली.

"पोरीसाठी करून राहिलो ना! गाण्याचं येड आहे तिले."

"हो का? मग सांग, कोणतं गाणं आवडते तिले?"

"तूच सांग. दिवसभर घरी तर तूच असते."

"घरी असते म्हणजे? नोकरी कोणाच्या सांगण्यावरून सोडली मी?"

तेवढ्यात वायरी जोडून झाल्या. मागच्या दारातले स्पीकर तपासायचे होते. फिटर इमरानभाईंनी यशोधराला विचारलं, "बोल बेटा, कोणतं गाणं लावू?"

"कोणतंही चालते, काका." ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही समोर बसा अन् भांडून दाखवा. मले ऐकू येते का, पाहू."