समुद्रावरचे सात दिवस

मालिका सुरू व्हायला दहा मिनिटं उरली, तरी यामिलेच्या तोंडून शब्द फुटेना.

"आई, जरा आत ये ना. एक सांगायचंय."

"आत्ता? अगं, अख्खी गल्ली जमलीय!" रोसाल्बा गुळाचं गरम पाणी आणि चीजचे तुकडे वाटत होती. "माझ्या लेकीनं लिहिलाय हा भाग. ए, टीव्हीपुढून सरका रे!"

शेजारच्या फाबिओलामावशी नेहमीसारख्या रोसाल्बाची खुर्ची आपल्याजवळ ओढून बसल्या होत्या. तीस वर्षांची मैत्री. एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे.

यामिलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकवीस वर्षांपूर्वी बाबांची गिरणीतली नोकरी सुटली आणि ईस्टरचा आठवडा तोंडावर आला. त्या आठवड्यात डोंगरातल्या तुन्हा गावच्या थंडीतून उठून समुद्रावर जायचं, ही गल्लीची रीत. नाही गेलं, तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? आईनं बॅगा भरल्या, सगळ्यांचा निरोप घेतला आणि अंधार पडल्यावर मागच्या दारानं चौघं पुन्हा घरात शिरली. सात दिवस पडदे बंद, बोलणं कुजबुजत. रंग रापावा म्हणून भरदुपारी गच्चीवर आडवं पडायचं. शेवटी समुद्रावरची भेट म्हणून बाबांनी बस-अड्ड्यावरून नारळाच्या वड्या आणल्या. त्याच दिवशी फाबिओलामावशीही समुद्रावरून परतल्या. दोन्ही घरांनी एकमेकांना वड्या दिल्या.

"हे बाहेर गेलं, तर मी मेले असंच समज," आईनं तेव्हा बजावलं होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी मालिकेसाठी विषय सुचेना, म्हणून यामिलेनं नेमकं तेच लिहून दिलं होतं. लाज कशी वाटली नाही मला, असं तिला राहून राहून वाटत होतं.

भाग सुरू झाला. पडद्यावरची आई गच्चीवर पोरांना भाकरीसारखं उलटंपालटं करू लागली, तशी गल्ली पोट धरधरून हसली. रोसाल्बाच्या हातातला पेला तसाच राहिला. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

यामिले मागोमाग धावली. "आई, चुकले गं. दोन कानाखाली मार, पण बोल काहीतरी."

तेवढ्यात दारात फाबिओलामावशी आल्या. डोळे भरलेले.

"रोसाल्बा, ते मी जन्मात फक्त तुला सांगितलं होतं. आमचे बंद पडदे, आमची गच्ची, अड्ड्यावरच्या वड्या. तुझा हात धरून रडले होते मी. आणि तू माझ्या घराची अब्रू लेकीला विकायला दिलीस?"

यामिले थक्क झाली. "मावशी, अहो, ती गोष्ट तुमची नाही, ती तर आम..."

रोसाल्बानं तिचं मनगट करकचून दाबलं.

"चुकलं माझं, फाबिओला," ती म्हणाली. "मीच सांगितलं तिला."