दोघींच्या भाड्याची केबिन

"एकटं माणूस म्हटलं की सगळं दुप्पट पडतं गं," असं कुंदामावशी नेहमी म्हणायची आणि मृण्मयी ते हसण्यावारी न्यायची. आज मावशीच्या पासष्टीनिमित्त लक्षद्वीपच्या क्रूझचं बुकिंग करायला तिनं फोन लावला, तर एजंट म्हणाला, "मॅडम, केबिन दोघांची असते. बाई एकट्या असल्या तरी भाडं दोघांचंच पडेल."

हौसेनं आधीच भरून ठेवलेली बॅग मावशीनं परत उपसायला घेतली. "राहू दे. रिकाम्या पलंगाचं भाडं कोण भरतंय!"

"मग रिकामा नकोच ठेवायला. मी येते," मृण्मयी बोलून गेली.

"आणि रेवा?"

दोन वर्षांच्या लेकीला एक रात्रही न सोडलेली मृण्मयी गडबडली. तेवढ्यात आतून नवरा ओरडला, "जा गं बिनधास्त! फक्त कुकरच्या शिट्ट्या किती, तेवढं सांगून जा!"

आता दोघी डेकवर वारा खात बसल्यात, पण फोनला रेंज नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी चिंचवडच्या मयूरेश सोसायटीत राहत असेल, तर मृण्मयीची एवढी विनंती ऐकाच. संध्याकाळी सहज तिच्या घरी डोकावून या. रेवा मजेत असेल हो, तिच्या बाबाकडे जरा बघा.